सतार आणि परक्या वाद्यांची संगत

पेण-रोह्याकडील ज्या घरांत मुलें शास्त्रोक्त संगीत शिकतात, त्या घरांत हल्लीं एक वाद वारंवार निघतो. नातवानें पांच-सात वर्षें गुरूसमोर बसून सतारीवर हात बसविला. आतां तो गिटार, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या संगतीनें ती वाजवूं म्हणतो. आजोबांच्या मतें हा संकर, नातवाच्या मतें हा संगम. वाद विकोपास गेला म्हणजे सतार गवसणी चढवून कोपऱ्यांत उभी राहते, आणि नुकसान दोघांचेंही होतें. म्हणून या प्रश्नाचा शांतपणें विचार करावा, असें आम्हांस वाटलें.

प्रथम ‘संकर’ या शब्दाकडे पाहूं. आपल्याकडे रागांचे शुद्ध, छायालग आणि संकीर्ण असे तीन वर्ग सांगतात. त्यांत संकीर्ण ही शिवी नव्हे, तें केवळ एका प्रकाराचें नांव आहे. शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ तेराव्या शतकांत आपल्याच महाराष्ट्रांत, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास राहून रचिला. त्यांत तुरुष्कतोडी व तुरुष्कगौड हीं नांवें आढळतात. परकी छटा आली म्हणून त्या व्युत्पन्न पंडितानें तिला बहिष्कृत केलें नाहीं. तिला नांव दिलें आणि जागा नेमून दिली. खुद्द सतार हा शब्दही फारसी ‘सेहतार’, म्हणजे तीन तारा, यावरून आलेला. ज्या मिरजेच्या सतारींस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेथील कारागिरांचे पूर्वज शस्त्रें घडविणारे शिकलगार होते. आणि पेटी? नभोवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेविलें; त्याच काळांत मराठी रंगभूमीवर पेटी व ऑर्गन यांवांचून पदाला रंग चढत नव्हता.

आतां उदाहरण मुंबईचें घेऊं. अब्दुल हलीम जाफर खां (१९२७–२०१७) हे जन्मानें जावऱ्याचे, परंतु त्यांचें आयुष्य मुंबईंत गेलें. ‘जाफरखानी बाज’ ही वादनाची स्वतंत्र पद्धति त्यांनीं सिद्ध केली आणि कीरवाणी, लतांगी यांसारखे कर्नाटक पद्धतीचे राग सतारीवर आणिले. १९५८ सालीं डेव्ह ब्रूबेक हे अमेरिकन जाझ-पियानोवादक हिंदुस्थानांत आले, तेव्हां मुंबईस दोघांनीं एकत्र वादन केलें. दक्षिणेचे राग पचविलेल्या हातास पश्चिमेचें भय वाटलें नाहीं, यांत नवल तें काय?

पंडित रविशंकर यांचा क्रम तर अधिक बोधप्रद आहे. दहा वर्षांचे असतांना, १९३० सालीं, ते बंधु उदयशंकर यांच्या नृत्यसंचाबरोबर पॅरिसला गेले. पाश्चात्त्य संगीत त्यांच्या कानांवर बालपणींच पडलें. तरी १९३८ सालीं तो झगमगाट सोडून ते मैहरास अल्लाउद्दीन खां यांच्या पायांशीं बसले आणि कित्येक वर्षें कठोर तालमींत राहिले. यहुदी मेन्युहिन यांच्या व्हायोलिनबरोबर बाथच्या महोत्सवांत त्यांनीं वादन केलें तें १९६६ सालीं. पुढच्याच वर्षीं त्या दोघांची ध्वनिमुद्रिका निघाली. आधीं साधना, मग संगत! आणि त्या कर्मठ गुरूंनीं तरी काय केलें होतें? अल्लाउद्दीन खां स्वतः व्हायोलिन वाजवीत, आणि देशी-विदेशी वाद्यांचा ‘मैहर बँड’ त्यांनींच उभा केला होता.

तथापि आजोबांची शंका निराधार नाहीं. आपल्याकडे षड्ज एकदां ठरला कीं रागाच्या अखेरपर्यंत तो हलत नाहीं. पाश्चात्त्यांत आधारस्वर मध्येंच पालटतो, आणि अनेक स्वर एकदम वाजवून स्वरसंघ उभारतात. पियानोंत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले. उलट सतारीचे पडदे सरकवितां येतात, तार ओढून मींड घेतां येते, आणि तरफेच्या तारा रागाच्याच स्वरांत मिळविलेल्या असतात. अशा वाद्यामागें भलते स्वरसंघ घातले तर राग बुडतो आणि सतार केवळ झणझणाटापुरती उरते. १९७१ सालच्या आपल्या पहिल्या सतार-कॉन्चेर्टोंत, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासारखा वाद्यवृंद साथीस असतांही, रविशंकरांनीं स्वरसंघांचा मोह बहुतांशीं टाळला, आणि खमाज, सिंधी भैरवी, अडाणा व मांझ खमाज या चार रागांवर चार भाग रचिले.

पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत हाच न्याय दृष्टीस पडतो. साच्यांतून मूर्ति काढणें त्या मानानें सोपें. रंग दरसाल नवे येतात, मूर्ति साता समुद्रांपलीकडे जातात. परंतु डोळ्यांची आखणी नवशिक्याच्या हातीं कोणी देत नाहीं. ती बिघडली कीं बाकीचा सारा शृंगार व्यर्थ! मींड आणि न्यासस्वर हे रागाचे डोळे होत.

तेव्हां आमची सूचना एवढीच. नातवानें एका संध्याकाळीं घरच्या मंडळींसमोर केवळ तंबोरा व तबला घेऊन यमन तासभर मांडावा. आलाप, जोड, झाला आणि मग गत. राग उभा राहिला तर त्यानें आपल्या गिटारवाल्या मित्रास खुशाल बोलवावें, आणि आजोबांनीं तें वादन अखेरपर्यंत ऐकल्यावांचून मत देऊं नये. उभा राहिला नाहीं, तर तो दोष गिटारचा नव्हे. तालीम अजून बाकी आहे, इतकेंच समजावें आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे पुन्हां पलटे घोटावयास बसावें.