पाटीवर नाव मावत नाही? अक्षर दाबू नका, फॉन्ट बदला!

पाटीच्या व्हिडिओनंतर एक प्रश्न सारखा येतोय. "सर, नाव लांब आहे, बोर्ड लहान आहे, काय करू?"

समजा, बोर्ड आठ फूट बाय दोन फूट आहे आणि लिहायचंय 'घरगुती मसाले व फराळाचे पदार्थ'. फ्लेक्सवाला काय करतो? नाव टाइप करतो आणि माऊसने दोन्ही बाजूंनी दाबून बसवतो. दोन मिनिटांत काम झालं! पण नीट बघा. आडवं दाबलं की उभे काने बारीक होतात आणि शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते. अक्षर आजारी दिसायला लागतं.

यावर उपाय म्हणजे मुळातच अरुंद घडवलेला फॉन्ट. त्यात काना किती जाड, आतली पोकळी किती मोकळी, हे डिझायनरने आधीच ठरवलेलं असतं. जाड असेल तर लांबून वाचता येतो. टोकं गोल असली की खाऊ, खेळणी, बेकरी अशा मालाला शोभतो. (सीए किंवा वकिलाच्या पाटीला मी तो सुचवणार नाही.)

फुकटात काय मिळतं? गुगल फॉन्ट्सवर 'खंड' आहे, अरुंद आणि ठळक, पण गोलवा कमी. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'बालू २' गुबगुबीत, गोल, पण जागा जास्त खातो. याच्या भावंडांची नावं भारी आहेत: गुजरातीत भाई, बंगालीत दा, पंजाबीत पाजी! दोन्हींचं लायसन्स खुलं आहे, म्हणजे पाटी, पाकीट, लोगो सगळीकडे बिनधास्त वापरा. फक्त फॉन्टची फाइलच सुटी विकायची नाही. माझं मत विचाराल तर नाव लांब असेल तर खंड, चार-पाच अक्षरांचं असेल तर बालू.

आता मराठीतली खरी मेख. जाड अक्षरात 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावरची फट बुजते, मग 'ध'चा 'घ' आणि 'भ'चा 'म' वाचला जातो. 'भाजी' लिहा आणि 'माजी' होत नाही ना ते बघा! शिवाय वर वेलांटी, रफार आणि खाली उकार, यांना जागा सोडावीच लागते. त्यामुळे दोन फुटांच्या बोर्डावर मूळ अक्षराला पूर्ण दोन फूट कधीच मिळत नाहीत.

आणि हो, मराठी नाव कोपऱ्यात बारीक टाकून चालणार नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान ठेवता येत नाहीत. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू आहे.

हा फॉन्ट फक्त नावापुरता. पाकिटामागचे घटक, पत्ता, वजन साध्या फॉन्टमध्येच घ्या, नाहीतर बारीक आकारात सगळं चिकटतं.

छापायला देताना फाइल कर्व्ह करून द्या, म्हणजे दुकानदाराच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत नाहीत. त्याआधी नाव ए-फोर कागदांवर छापा, चिकटपट्टीने जोडून शटरवर लावा आणि रस्त्यापलीकडून एखाद्या अनोळखी माणसाला वाचायला सांगा. घरच्यांना नको, त्यांना नाव पाठ असतं.