डिस्चार्ज बुकात न चढलेले मेडल

१६ डिसेंबरला, विजय दिवसाच्या कार्यक्रमात, सातारा-सांगलीकडचे माजी सैनिक कोटावर मेडल लावून बसतात तेव्हा एक विषय हमखास निघतो. दोघे एकाच साली भरती झालेले, एकाच पलटणीतले. एकाच्या छातीवर १९७१ च्या युद्धाचा ‘पूर्वी स्टार’ आहे, दुसऱ्याच्या नाही. ज्याच्या नाही त्याची समजूत ठरलेली असते: माझे नाव कुणीतरी कापले. घरची माणसेही तेच धरून बसतात आणि ती सल पुढच्या पिढीपर्यंत जाते. अशा बहुतेक प्रकरणांत कुणी कुणाचे नाव कापलेले नसते. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलेला नसतो एवढेच. तो आजही पुढे सरकवता येतो, हे या माणसांपर्यंत पोचायला हवे.

आधी मेडलची नोंद होते कशी ते पाहू. जवानाचे लग्न, मूल, बदली, बढती, कोर्स अशी नोकरीतली प्रत्येक घडामोड युनिटच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये निघते. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे जवानाच्या शीट रोलवर चढते. मेडलचेही तसेच. निवृत्तीच्या वेळी हातात पडणारे डिस्चार्ज बुक याच नोंदींवरून भरलेले असते. म्हणजे मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसात, आणि डिस्चार्ज बुक हा तिचा उतारा. युनिटने मेडलच्या याद्या केल्या तेव्हा जवान जखमी होऊन हॉस्पिटलात असेल, लांबच्या कोर्सवर असेल किंवा दुसऱ्या पलटणीत बदलून गेला असेल, तर नाव राहून जाते. बदली झाली असेल तर जुन्या युनिटला वाटते नवे युनिट नाव पाठवील आणि नव्या युनिटला त्याचा पत्ताच नसतो.

त्याहून साधे कारण तारखेचे. मोहिमेचे मेडल लढाई चालू असताना जाहीर होत नाही. १९६५ च्या युद्धासाठीचा समर सेवा स्टार २६ जानेवारी १९६७ ला स्थापन झाला. १९७१ च्या युद्धाची पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही पदके १९७३ मध्ये आली. आता १९७२ साली नोकरी पुरी करून घरी आलेल्या जवानाच्या डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टार सापडेल तरी कसा? बुकावर सही झाली त्या दिवशी ते मेडलच अस्तित्वात नव्हते. “बुकात नाही म्हणजे हक्क नाही” हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज आहे, आणि माझ्या मते सर्वांत नुकसान करणाराही. त्यापायी माणसे अर्जच करीत नाहीत.

दुसऱ्या टोकाचा समजही तितकाच चुकीचा. “वडील एकाहत्तरच्या लढाईत होते, म्हणजे एकाहत्तरची सगळी मेडल त्यांची.” प्रत्येक पदकाला त्याची तारीख आणि त्याचा मुलूख ठरलेला असतो. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, १९७१ च्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर जमालपूरला लढली. त्या लढाईत उभा असलेला जवान पूर्वी स्टारचा धनी. त्याच दिवसांत राजस्थान किंवा पंजाबच्या आघाडीवर लढणाऱ्याचा पश्चिमी स्टार. संग्राम मेडलची व्याप्ती मोठी आहे. जम्मू-काश्मीर, पंजाब, राजस्थान, गुजरात, पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, मिझोराम, त्रिपुरा या भागांतल्या ऑपरेशनल क्षेत्रात ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात सेवा केलेल्यांसाठी ते आहे. संपूर्ण युद्धभर पुण्याच्या डेपोत दारूगोळा चढवणाऱ्याने देशाचे काम केले यात शंका नाही, पण यातले एकही पदक त्याच्या वाट्याला येत नाही. स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचे मेडल मात्र त्याचेही आहे, कारण ते १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्या प्रत्येकाचे. अशी मेडल मागायची राहून जातात. “मी कुठे लढाईला गेलो?” म्हणून जवान स्वतःच गप्प बसतो. १९६५ चे रक्षा मेडलही त्यातलेच. ५ ऑगस्ट १९६५ रोजी सेनेच्या पटावर असलेल्या आणि किमान १८० दिवस सेवा झालेल्या माणसाला त्यासाठी आघाडी पाहिलेली असण्याची अट नव्हती. ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची पदके तर निव्वळ भरतीच्या आणि निवृत्तीच्या तारखेवर ठरतात. बुक उघडावे, तारखा मोजाव्यात, पाच मिनिटांत कळते.

नावांचा घोळ वेगळाच. सैन्य सेवा मेडल, सामान्य सेवा मेडल, विशेष सेवा मेडल आणि विशिष्ट सेवा मेडल ही चार निरनिराळी पदके आहेत. शेवटचे तर नावानिशी, उल्लेखनीय सेवेसाठी मिळते. अर्जात यातला एक शब्द चुकला की उत्तर “पात्र नाही” असे येते, आणि अर्जदाराला वाटते दार बंद झाले. सैन्य सेवा मेडल हे ठरावीक कठीण प्रदेशांतल्या सेवेचे, आणि प्रदेश कोणता ते रिबनवरची पट्टी, म्हणजे क्लास्प, सांगते: जम्मू-काश्मीर, नेफा (म्हणजे आजचा अरुणाचल), हिमालय वगैरे. काश्मीरमध्ये आणि नंतर अरुणाचलात राहिलेल्या माणसाला दोन मेडल मिळत नाहीत. मेडल एकच राहते, दुसरी पट्टी वाढते. मग तक्रार “मेडल दिले नाही” अशी करून उपयोग नसतो, “क्लास्पची नोंद राहिली आहे” असे लिहावे लागते.

गोव्याच्या बाबतीत गोंधळ आणखी खोल आहे. डिसेंबर १९६१ च्या गोवा मुक्तीच्या मोहिमेचे नावही ऑपरेशन विजय आणि १९९९ च्या कारगिलचेही ऑपरेशन विजय. त्यामुळे गोव्यात गेलेल्या आजोबांसाठी नातू ‘ऑपरेशन विजय मेडल’ मागतो. ते १९९९ चे पदक आहे. १९६१ साली गोव्यात उतरलेल्यांसाठी जनरल सर्व्हिस मेडल १९४७ आहे, आणि त्यावर ‘गोवा १९६१’ ही पट्टी. मागायची ती ही.

अर्ज कुठे करायचा याविषयी जवळजवळ प्रत्येक घरात चुकीची समजूत असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ओळखीचे, एसटीने जाता येते असे. म्हणून अर्ज तिथे देऊन माणसे वाट पाहत बसतात. ते कार्यालय मदत करते, कागद पुढे पाठवते, पण जवानाचे सेवा-दप्तर त्याच्याकडे नसते. ते असते त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला, गार्ड्सचे कामठीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला. नौदलाच्या खलाशांचे मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्समध्ये, वायुसैनिकांचे दिल्लीच्या सुब्रतो पार्कात. लष्करी अधिकाऱ्यांचे कागद दिल्लीत सेना मुख्यालयात.

यात एक मेख आहे. पलटणीतून निवृत्त होऊन डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, म्हणजे डीएससीत, पुन्हा भरती झालेले जवान आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांच्या दोन नोकऱ्या, दोन नंबर, दोन डिस्चार्ज बुके. डीएससीचे रेकॉर्ड ऑफिस केरळात कन्नूरला आहे. घरच्यांच्या हाताशी बहुधा दुसरे, नवे बुक असते आणि त्यात ६५-७१ ची मेडल दिसत नाहीत. ती पहिल्या नोकरीच्या दप्तरात आधीच चढलेली असू शकतात. अशा घराने आधी जुने बुक शोधावे, मगच पत्र लिहावे.

“कागद जाळून टाकले असतील” असे निराश होऊन म्हणणारेही भेटतात. हे अर्धे खरे आहे. पेन्शन न घेता बाहेर पडलेल्या जवानाची कागदपत्रे २५ वर्षे ठेवून नियमाने नष्ट करतात. मात्र लाँग रोल नावाची नोंदवही राहते. त्यात नंबर, नाव, भरती आणि निवृत्तीच्या तारखा असतात. सेवेच्या वर्षांवर किंवा एखाद्या विशिष्ट तारखेला सेवेत असण्यावर अवलंबून असलेल्या मेडलना या नोंदीचा आधार घेता येतो. प्रदेशावर ठरणाऱ्या मेडलसाठी ती अपुरी पडते, तिथे तुमच्या पेटीतला कागद बोलला पाहिजे.

पेटीतले सगळे कागद सारख्या वजनाचे नसतात. सर्वांत वजनदार म्हणजे पार्ट टू ऑर्डरची प्रत, मूव्हमेंट ऑर्डर, लष्करी हॉस्पिटलचे डिस्चार्ज कार्ड आणि डिस्चार्ज बुकातल्या बाकीच्या नोंदी. गणवेशातला फोटो, त्यावर रिबन दिसत असली तरी, पुरावा म्हणून लंगडा. तारीख आणि युनिट सांगणारे दुसरे काही सोबत असले तर तो उपयोगी पडतो. आणि आंतर्देशीय पत्रे? “हे बघा, ५६ एपीओ लिहिले आहे, म्हणजे ते सरहद्दीवरच होते” असे मुले विश्वासाने सांगतात. ५६ एपीओ हा पत्ता जागा सांगण्यासाठी नसतोच. पलटण कुठे आहे हे पत्रावरून कळू नये म्हणून तो असतो. ते पत्र सियाचिनच्या पायथ्यावरून आलेले असेल, नाहीतर दुसऱ्याच एखाद्या छावणीतून. त्यापेक्षा टपालाचा गोल ठसा भिंगाखाली धरा. त्यात तारीख असते आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असतो. पत्राची झेरॉक्स जोडताना तो ठसा स्वच्छ उमटेल असे पाहा आणि क्रमांक अर्जातही लिहा.

पैशाबद्दल थोडक्यात. मोहिमेच्या किंवा सेवेच्या मेडलमुळे पेन्शन वाढत नाही. दरमहा मानधन आहे ते शौर्यपदकांना. ऑगस्ट २०१७ पासून परमवीर चक्राला २०,०००, महावीर चक्राला १०,०००, वीर चक्राला ७,००० आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला २,००० रुपये असे ते दर ठरले. “मेडल चढवून देतो, मागची थकबाकीही मिळेल” म्हणून कुणी एजंट पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. अर्ज जवानाने स्वतः लिहायचा असतो आणि त्याला एजंट लागत नाही.

शौर्यपदकाची वाट मुळातच निराळी. “माझी वीर चक्रासाठी शिफारस झाली होती” असे सांगणारा माणूस खरे सांगत असू शकतो. पण शिफारस वर गेली आणि पदक जाहीर झाले नाही, तर रेकॉर्ड ऑफिस ते बुकात लिहू शकत नाही. शौर्यपदक भारताच्या राजपत्रात छापून येते. तिथे नाव असेल आणि बुकात नसेल, तर त्या अंकाची प्रत जोडून दुरुस्ती मागता येते.

छावणीबाहेरच्या दुकानात रिबनसकट मेडल मिळते, त्याला टेलर कॉपी म्हणतात. खरी मेडल वेळेवर न आल्याने सेवेतले जवानही ती लावतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त ती विकत घेतली म्हणजे नोंद झाली असे नव्हे. अधिकृत मेडल हातात घेऊन कडेने फिरवून पाहा. तिथे जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते.

माहितीच्या अधिकाराचाही बराच बोलबाला आहे. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर यायला हवे, आणि आपल्या शीट रोलची प्रत मागायला तो उत्तम आहे. पण त्याने कागद मिळतो, कागदातली चूक सुधारत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी प्रत मागवावी, नोंद कुठे तुटली ते पाहावे, मग रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्तीचे पत्र. त्या पत्रात “माझी सर्व मेडल मिळावीत” असे मोघम लिहू नये. नंबर, हुद्दा, नाव, भरती-निवृत्तीच्या तारखा, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पलटणीत अमुक भागात होतो, त्यावरून अमुक मेडल आणि अमुक क्लास्प माझ्या नोंदीत यायला हवा, सोबत हे कागद. एक पान पुरते. नकार आला तर कोणत्या अटीवर आला ते लेखी विचारावे. “नोंद आढळत नाही” आणि “पात्र नाही” ही दोन वेगळी उत्तरे आहेत. पहिल्याला पुरावा देता येतो, दुसऱ्याला अट वाचून उत्तर द्यावे लागते. त्यापुढे सशस्त्र बल न्यायाधिकरण आहे, त्याचे खंडपीठ मुंबईतही आहे. अंतिम नकारानंतर सहा महिन्यांत तिथे जायचे असते, म्हणून नकाराचे पत्र पाकिटासकट जपावे.

जवान हयात नसेल तरी दार बंद होत नाही, जवळचे वारस मागणी करू शकतात. वीरपत्नी किंवा निवृत्त जवानाची विधवा अर्ज करते तेव्हा अडचण मेडलची नसून तिच्या नावाची निघते. शीट रोलवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच, आणि लग्नाची पार्ट टू ऑर्डर कधी निघालीच नाही. अशा वेळी मेडलचा अर्ज तिथेच अडकतो. आधी नावाच्या दुरुस्तीचे कागद, प्रतिज्ञापत्र आणि विवाहाचा दाखला जिल्हा सैनिक कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पाठवावेत. या कामात ते कार्यालय खरोखर उपयोगी पडते. जवान हयात आहे अशा घरांनी तर आजच बुक काढून पत्नीच्या नावाचे पान तपासावे. ती चूक तो स्वतः एका अर्जाने सुधारू शकतो. त्याच्या मागे तिला त्याच कामासाठी बेळगाव, मानखुर्द आणि तहसील कचेरी यांच्यात पत्रे लिहीत बसावे लागते.