लेखनाची तपासणी आणि संगणक

एका स्मरणिकेचा मजकूर परवा मजकडे तपासणीस आला, त्या निमित्ताने हे टिपण.

लिब्रेऑफिसमध्ये वापरले जाणारे हनस्पेल हे साधन शब्दसूची आणि प्रत्ययांचे नियम अशा दोन दप्तरांच्या आधारे प्रत्येक शब्दाची स्वतंत्र शहानिशा करते. परंतु वाक्याचा अर्थ त्याच्या अखत्यारीत नसल्यामुळे, ‘दिन’ व ‘दीन’ हे दोन्ही शब्द शुद्धच असता, ‘महाराष्ट्र दीन’ या अनर्थास ते हरकत घेत नाही.

मजकूर संगणकाकडून मोठ्याने वाचून घेतल्यास गळालेले शब्द, द्विरुक्ती आणि अडखळणारी वाक्ये तत्काळ ध्यानी येतात, आणि हा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो. मात्र समोच्चारी जोड्या कानासही फसवीत असल्याने त्या ‘शोधा’ आज्ञेनेच एकेक तपासाव्यात.