गाडी उभीच असते, मग ऑइल कशाला बदलायचं?

गिरडसारख्या गावात कार निघते ती लग्नकार्याला, दवाखान्यात, नाहीतर समुद्रपूर-हिंगणघाटच्या बाजाराला. वर्षाला जेमतेम दोन-तीन हजार किलोमीटर. मग ‘दहा हजार झाले की बदलू’ म्हणत तेच ऑइल तीन-तीन वर्षं राहतं. मंडळी, असं करू नका! बहुतेक कंपन्या मॅन्युअलमध्ये किलोमीटरसोबत महिनेही देतात; जे आधी भरेल ते धरायचं. साधारणपणे वर्षातून एकदा, फिल्टरसकट.

पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. इंजिन नीट तापलं तर ती निघून जाते. पण घरून बाबा फरीद टेकडीच्या पायथ्यापर्यंतच गेलं, तर ऑइल पुरेसं तापतच नाही. ओल आणि न जळलेलं पेट्रोल त्यात मुरतं, आम्ल तयार होतं आणि ते आम्ल निकामी करणारी ऑइलमधली रसायनं हळूहळू संपतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला, तर बहुधा ही ओलच.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी जास्तच जपावं. छोट्या फेऱ्यांत डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी पूर्ण जळत नाही आणि ती जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली, की लगेच मेकॅनिकला दाखवा.

दारात उभ्या-उभ्या दहा मिनिटं इंजिन चालू ठेवणं मला मुळीच पटत नाही. त्यापेक्षा आठ-पंधरा दिवसांनी अर्धा तास सलग मोठ्या रस्त्यावर चालवा. आणि काढलेलं काळं ऑइल धुऱ्यावर किंवा नालीत ओतू नका, गॅरेजच्या ड्रममध्येच जमा करा.