खय्यामांची गल्ली

‘खेमा’ हा शब्द तुम्ही उर्दूच्या पुस्तकात वाचला असेल. मराठीत आपण त्याला तंबू, राहुटी किंवा डेरा म्हणतो. अरबी भाषेत तंबूला ‘खैमा’ म्हणतात आणि तंबू शिवणाऱ्या कारागिराला ‘खय्याम’. इराणमधील निशापूरचे प्रसिद्ध गणिती आणि कवी उमर खय्याम यांचे नाव याच शब्दावरून आले आहे. त्यांच्या घराण्यात पूर्वी कोणीतरी तंबू शिवण्याचा व्यवसाय करीत असावे, असा तर्क केला जातो. उमर खय्याम यांनी सुई हाती धरली असो वा नसो, पण सुई हाती धरणाऱ्या खय्यामांची एक संपूर्ण गल्ली आजही इजिप्तची राजधानी कैरो येथे आहे.

जुन्या कैरो शहराला एके काळी भक्कम तटबंदी होती. तिच्या दक्षिण बाजूला ‘बाब झुवैला’ नावाचा दरवाजा आहे. तो इ. स. १०९२ मध्ये बांधला गेला. या दरवाजातून बाहेर पडले, की थोड्याच अंतरावर छप्पर असलेला एक बाजार लागतो. सतराव्या शतकात रिदवान बे या अमिराने तो बांधला. हे रिदवान बे अनेक वर्षे हज यात्रेच्या काफिल्याचे प्रमुख होते. त्या काळी दरवर्षी हजारो यात्रेकरूंचा काफिला कैरोहून मक्केच्या वाटेला लागत असे. वाळवंटातून चालायचे म्हणजे तंबू, खोगिरे, पखाली हे सारे हवेच. तेव्हा तंबूवाल्यांचा बाजार वेशीच्या तोंडाशी असावा, यात नवल नाही. या गल्लीला ‘अल्-खयामिया’ म्हणतात आणि तिथे होणाऱ्या शिवणकामालाही ‘खयामिया’ असेच नाव पडले आहे.

आता तुम्ही म्हणाल, तंबू शिवण्यात कला ती कसली? जाड कापड घ्यावे, दोरी ओवावी आणि टाके घालावेत! बाहेरून पाहिले तर तुमचे म्हणणे खरे वाटेल. कैरोचा तंबू बाहेरून अगदी साधा, मळकट पांढरा दिसतो. पण आत पाऊल टाकले, की चारी बाजूंना आणि डोक्यावर लाल, निळ्या, पिवळ्या, हिरव्या रंगांची बाग फुललेली असते. कमळे, वेली, आठ टोकांच्या चांदण्या, कमानी आणि त्यांमधून वळणदार अरबी अक्षरे. पाहुणे आत बसणार, म्हणून नक्षी आत. उन्हाचा, धुळीचा मारा बाहेरच्या साध्या कापडाने सोसायचा. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते.

ही नक्षी रंगवलेली नसते आणि विणलेलीही नसते. रंगीत सुती कापडाचे तुकडे कापून ते जाड कॅनव्हासवर हाताने शिवलेले असतात. आपल्याकडे फाटक्या कपड्याला ठिगळ लावतात, तसेच हे एक प्रकारचे ठिगळकाम. फरक एवढाच, की ठिगळ भोक झाकण्यासाठी असते. इथे झाकायला काहीच नसते. आपल्या गोधडीशीही याची तुलना करून पाहा. गोधडीत जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक ठेवून सर्वांतून धावदोरा घालतात. त्यामुळे ती ऊबदार होते. खयामियाला ऊब द्यायची नसते. तिचे कापड नवे असते आणि टाके शक्यतो दिसूच नयेत, अशी कारागिराची धडपड असते.

हे काम कसे होते ते क्रमाने पाहू. प्रथम उस्ताद एक मोठा जाड कागद घेतो. त्याच्या चार किंवा आठ घड्या घालतो आणि वरच्या एकाच घडीवर नक्षीचा एक भाग काढतो. मग त्या रेषांवर सुईने जवळजवळ भोके पाडत जातो. सुई सर्व घड्यांतून आरपार जाते. कागद उघडला, की संपूर्ण नक्षी भोकांच्या रूपात तयार! हा कागद कापडावर पसरतात आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून फिरवतात. कापड गडद रंगाचे असेल तर पांढरी पूड वापरतात. पूड भोकांतून खाली उतरते आणि कापडावर ठिपके उमटतात. ते पेन्सिलीने जोडले, की आराखडा झाला. एकच कागद असा पुन्हा पुन्हा वापरता येतो.

तुम्हीही हे घरी करून पाहा. एक चौरस कागद घ्या. तो मधोमध दुमडा, पुन्हा मधोमध दुमडा आणि मग मध्यबिंदूच्या कोपऱ्यातून तिरपा दुमडून त्याचा त्रिकोण करा. मध्यबिंदूच्या टोकाजवळ एक पाकळी काढा आणि तिच्या कडेने टाचणीने टोचा. कागद उघडल्यावर आठ पाकळ्यांचे फूल दिसेल. पण जपून! तुमची एक पाकळी वाकडी झाली, तर आठही वाकड्या होतील. म्हणूनच आराखड्याचे काम नवशिक्याकडे देत नाहीत.

या युक्तीला एक अडचण मात्र आहे, आणि ती उर्दू लिहिणाऱ्यांच्या लगेच ध्यानात येईल. घडीच्या कागदावर फूल काढले तर त्याचे उलटे रूपही फूलच असते. पण ‘अलिफ, लाम, मीम’ लिहून कागद उघडला, तर अर्धी अक्षरे आरशातल्यासारखी उलटी दिसतात. म्हणून मजकुराचा कागद बहुधा घडी न घालता, एकेक अक्षर नीट काढून टोचावा लागतो. काही सुलेखनकारांनी मात्र या अडचणीतूनच एक नवी शैली घडवली. एकच शब्द डावीकडून आणि उजवीकडून समोरासमोर लिहून ते त्याचे सुंदर चित्र करतात. या शैलीला ‘मुसन्ना’ म्हणतात.

आराखडा झाल्यावर खरी कसोटी सुरू होते. गल्लीतली दुकाने लहान, समोरून उघडी आणि जमिनीपासून थोडी उंचावर असतात. तिथे कारागीर मांडी घालून बसतो. मांडीवर कॅनव्हास, बोटात अंगुस्तान आणि हाताशी भली मोठी कातर. तो रंगीत कापडाची पट्टी आराखड्यावर ठेवतो, थोडी कापतो, सुईच्या टोकाने तिची कड आत दुमडतो आणि त्याच रंगाच्या दोऱ्याने बारीक टाका घेतो. पुन्हा थोडे कापतो, दुमडतो, शिवतो. कापणे आधी आणि शिवणे नंतर, असे इथे नसते; दोन्ही बरोबरच चालतात. सरळ रेषा शिवणे सोपे. पानाचे टोक किंवा वेलीचे आतले वळण आले, की हात किती तयार आहे ते कळते. तिथे कापड चुरगळते, नाहीतर कडेचे धागे सुटतात. लहान उशीची खोळ काही दिवसांत होते. मोठ्या पडद्याला मात्र महिनेच्या महिने लागतात. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे भरतकाम, गोधडी ही बायकांची कामे समजली जातात. कैरोच्या या गल्लीत पिढ्यान् पिढ्या ही सुई मुख्यतः पुरुषांच्या हाती राहिली आहे.

तंबू सजवण्याची हौस केवळ कैरोचीच नव्हे. इराणच्या उत्तरेकडील रश्त या शहरातील कारागीर लोकरी कापडाचे रंगीत तुकडे एकमेकांना कडेला कड लावून जोडत आणि सांध्यावर रेशमी साखळी टाका घालत. काजार घराण्याचा बादशहा मुहम्मद शाह (१८३४–१८४८) याच्यासाठी केलेला असा एक शाही तंबू आज अमेरिकेत क्लीव्हलंडच्या कलासंग्रहालयात आहे. भारतात बिहारमधील ‘खतवा’ काम तंबू आणि कनातींसाठीच प्रसिद्ध होते. कनात, शामियाना हे शब्द मराठीत आले, ते याच थाटामाटाबरोबर.

कैरोत लग्न असो, मयतीनंतरचे कुराणपठण असो किंवा रमजानमधील इफ्तारची पंगत असो, रस्त्यातच मांडव उभारण्याची रीत आहे. पूर्वी या मांडवांना हाताने शिवलेले पडदे लावत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच नक्षी यंत्रावर छापलेले कापड बाजारात आले. ते स्वस्त, हलके आणि वारानुसार हवे तेवढे मिळणारे होते. मांडववाल्यांनी हाताचे पडदे घेणे सोडले. आज रमजानमध्ये कैरोच्या रस्त्यांवर जी लाल-निळी नक्षी झळकते, ती बहुतेक छापील असते. यात गरिबाचा फायदाही झाला, हे विसरता कामा नये. ज्याला शिवलेला पडदा कधीच परवडला नसता, त्याच्या मुलीच्या लग्नातही आता तीच चांदणी आणि तेच कमळ असते. पण महिनाभर सुई चालवणाऱ्याने काय करावे?

कारागिरांनी तंबू सोडून भिंतीवर लावायचे पडदे आणि उशांच्या खोळी करायला घेतल्या. पर्यटक त्या घेत. सन २०११ च्या क्रांतीनंतर इजिप्तला येणाऱ्या पर्यटकांची संख्या एकदम घटली आणि हाही आधार डळमळला. सुदैवाने त्यापूर्वीच एक नवी वाट उघडली होती. जेनी बॉकर या ऑस्ट्रेलियन बाई स्वतः गोधडीकाम करणाऱ्या. त्यांचे पती इजिप्तमध्ये राजदूत होते. या गल्लीतले काम पाहून त्या थक्क झाल्या आणि २००७ मध्ये त्यांनी ते मेलबर्न येथील प्रदर्शनात मांडले. पुढे युरोप-अमेरिकेतही प्रदर्शने झाली. तिथे कारागीर लोकांसमोर बसून शिवून दाखवत. भाषा एकमेकांची येत नव्हती. पण गोधडी शिवणाऱ्या बायका त्यांच्या बोटांकडे पाहत तासन् तास उभ्या राहत. टाका कठीण कुठे आहे, हे त्यांना न सांगता कळत होते.

अशा गिऱ्हाइकांमुळे कामाला बरी किंमत येऊ लागली आणि काही नव्या नक्षीही जन्माला आल्या. तरी गल्लीतली काळजी मिटलेली नाही. हात तयार व्हायला काही वर्षे जातात, आणि त्या वर्षांत मिळकत थोडी असते. इतर कामांत पैसा लवकर हाती येतो. त्यामुळे उस्तादांची मुले या धंद्यात येतीलच, असे नाही. छपराखालच्या त्या बाजारात आज हाताचे आणि छापील कापड शेजारी शेजारी टांगलेले दिसते. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. जवळ जाऊन पाकळीच्या कडेवरून बोट फिरवले, तर एका ठिकाणी दुमडलेल्या कापडाचा उंचवटा लागतो आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच लागत नाही.