हार्ड डिस्क बंद पडली, आता रेकॉर्डिंगचे काय?

साउंड सर्व्हिस चालवणारे, बँजो आणि ब्रास बँडवाले, कव्वालीच्या मैफली व लग्नसमारंभांचे रेकॉर्डिंग करून देणारे, जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देणारे अशा कितीतरी बांधवांची रोजीरोटी आज गाण्यांच्या आणि रेकॉर्डिंगच्या साठ्यावर अवलंबून आहे. कॅसेटच्या जमान्यात हा माल दुकानाच्या फळ्यांवर रचलेला असे. आज तो सगळा तळहाताएवढ्या डब्यात मावतो. कॅसेटची फीत अडकली तर एकच कॅसेट जाई. हा डबा ऐन लग्नसराईत बंद पडला तर धंदाच थांबतो. अशा वेळी घाबरून जे काही केले जाते त्यानेच जास्त नुकसान होते. म्हणून काय करावे आणि काय करू नये, ते आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत.

हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. त्यांच्यावरून वाचणारे हेड तबकडीला न टेकता हवेच्या पातळ थरावर तरंगते. हे अंतर माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कित्येक हजार पटींनी कमी असते. चालू डिस्क टेबलावरून पडली, टेम्पोत गचका बसला किंवा जनरेटरची वीज कमीजास्त झाली की हेड तबकडीवर आपटू शकते. मग ते घासेल तेवढा भाग कायमचा खरवडला जातो. मांडवात स्पीकरशेजारी डिस्क ठेवून कार्यक्रम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आधी ऐका, मग हात लावा

डिस्क दिसेनाशी झाली की पहिली गोष्ट म्हणजे तिचे काम थांबवावे. तिच्यावर नवीन काहीही उतरवू नये. ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा संदेश पडद्यावर आला तर ‘नको’ म्हणावे. विंडोजचा ‘चेक डिस्क’ हा कार्यक्रमही चालवू नये. तो डिस्क दुरुस्त करण्याच्या नादात फायलींच्या नोंदी बदलतो आणि मरणासन्न डिस्कला तासन्‌तास राबवतो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा एक जुना तोडगा अजून सांगितला जातो. त्याने आत दमट थेंब जमतात. तो करू नये.

आता डिस्कचा आवाज ऐकावा. कट-कट असा एकसारखा ठोका येत असेल, घासल्यासारखा आवाज येत असेल, किंवा ती मुळीच फिरत नसेल, तर बिघाड यंत्राचा आहे. ती लगेच बंद करावी. घरगुती उपाय येथे संपतात. आवाज नेहमीसारखा असेल तर आधी केबल बदलून पाहावी, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावावी. पुष्कळदा दोष केबलमध्ये किंवा बाहेरच्या डब्यातल्या लहानशा सर्किटमध्ये असतो आणि आतली डिस्क शाबूत असते. मात्र डबा फोडून डिस्क दुसऱ्या डब्यात घालण्याआधी चौकशी करावी. काही डब्यांतले सर्किट माल आपल्या गुप्त लिपीत लिहिते, त्यामुळे ती डिस्क दुसरीकडे लावली तरी वाचता येत नाही. काही नव्या डिस्कवर तर यूएसबीचे तोंडच झाळलेले असते.

डिस्क फिरते, पण अतिशय सावकाश चालते किंवा फायली अर्धवट उघडतात, अशी अवस्था सर्वांत जास्त आढळते. येथे आपल्या कॉम्प्युटरवाल्याकडून एकच काम करून घ्यावे : संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या निरोगी डिस्कवर. ही डिस्क तेवढ्याच किंवा मोठ्या आकाराची हवी. यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा कार्यक्रम लिनक्सवर फुकट मिळतो. त्याची रीत शहाणपणाची आहे. जो भाग सहज वाचता येतो तो आधी उचलतो, अडलेल्या जागा बाजूला ठेवतो आणि शेवटी त्यांच्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. कुठवर आलो याची नोंद तो एका फाइलीत ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम पहिल्यापासून करावे लागत नाही. नक्कल झाली की मूळ डिस्क काढून ठेवावी आणि पुढचे सर्व प्रयोग नकलेवर करावेत. साध्या कॉपी-पेस्टने हे होत नाही. ते एका खराब जागेवर अडून बसते आणि तेवढ्यात डिस्क दम तोडते.

नकलेवरून माल काढण्यासाठी ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ हे जोडकार्यक्रम आहेत, तेही फुकट. टेस्टडिस्क हरवलेल्या नोंदी परत बसवू पाहतो. ते जमले तर फोल्डर आणि नावे जशीच्या तशी मिळतात, म्हणून आधी तोच चालवावा. फोटोरेक नोंदींकडे बघत नाही. तो डिस्कवर फायलींच्या खुणा शोधत जातो. नावाने फोटो असला तरी गाणीही काढतो. पण निघालेल्या फायलींना नाव नसते, नुसते आकडे असतात. दहा हजार गाणी मिळाली आणि कोणते कोणते हे माहीत नाही, अशी गत होते.

येथे एमपीथ्रीवाल्यांचे नशीब थोडे बरे. एमपीथ्री फाइलीच्या पोटातच गाण्याचे नाव, गायक, अल्बम यांची चिठ्ठी असते. ‘एमपीथ्री टॅग’ हा कार्यक्रम ती चिठ्ठी वाचून फाइलींना पुन्हा नावे देतो. चिठ्ठी नसेल तर ‘पिकार्ड’ नावाचा कार्यक्रम आवाजाच्या ठशावरून गाणे ओळखतो. अर्थात प्रसिद्ध झालेले गाणेच तो ओळखील. आपल्या गावच्या उर्सात गायलेली कव्वाली त्याला ओळखता येणार नाही. त्यासाठी हेडफोन लावून बसणे आणि वहीत लिहिणे याला पर्याय नाही.

फाइलीचा प्रकारही महत्त्वाचा आहे. एमपीथ्री ही लहान लहान तुकड्यांची माळ असते. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत एक तुकडा सेकंदाचा सुमारे चाळीसावा भाग असतो. मधले काही तुकडे गेले तर गाण्यात खटका येतो, बाकीचे वाजते. वेव्ह फाइलीच्या सुरुवातीची ओळखच पुसली गेली तरी निराश होऊ नये. ‘ऑडॅसिटी’त ती कच्ची फाइल म्हणून उघडावी आणि ४४,१०० नमुने, १६ बिट, स्टीरिओ असे सांगावे, रेकॉर्डिंग सीडीच्या दर्जाचे असेल तर आवाज येतो. मोबाइलच्या एमफोरए फाइलीचे मात्र कठीण. तिची अनुक्रमणिका बहुधा रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. ती गेली की आवाज आत असूनही फाइल वाजत नाही. मैफलीचे रेकॉर्डिंग फोनवर करणाऱ्यांनी बॅटरी संपू देऊ नये, ती यामुळेच.

एसएसडी हा नवा प्रकार फिरत नाही, म्हणून गचक्याला भीत नाही. पण बंद पडताना कट-कट करून सूचनाही देत नाही. शिवाय पुसलेला माल ती स्वतःच थोड्या वेळात साफ करून टाकते, त्यामुळे चुकून पुसलेले परत मिळण्याची आशा फारच कमी.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि इतर मोठ्या शहरांत डिस्कमधला माल काढून देणारे आहेत. त्यांत जाणते आहेत तसे अंदाजाने काम करणारेही आहेत. जो समोरच्या टेबलावर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन डिस्क उघडू लागेल त्याच्याकडून ती परत घ्यावी. आतले काम धूळरहित जागेतच होते. ‘याच मॉडेलचे सर्किट बदलतो’ एवढेच सांगणाऱ्याला आणखी विचारावे. आजच्या डिस्कमध्ये प्रत्येक सर्किटवर त्याच डिस्कची मापे नोंदलेली असतात. ती नव्या सर्किटवर हलवल्याशिवाय नुसत्या बदलीचा उपयोग होत नाही.

भाव आधी ठरवावा. तपासणीचे किती, माल न निघाल्यास काय द्यायचे, हे पावतीवर लिहून घ्यावे. पावतीवर डिस्कचा अनुक्रमांकही असावा. निघालेल्या फाइलींची यादी पाहून, त्यांतल्या चार-दोन वाजवून मगच पैसे द्यावेत. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. या डिस्कमध्ये लोकांच्या घरची लग्ने, मेंदीचे कार्यक्रम, आयाबहिणींचे आवाज आणि चित्रणही असते. ती ग्राहकाची अमानत आहे. काम झाल्यावर जुनी डिस्क परत मागावी आणि दुकानदाराकडची नक्कल पुसून घ्यावी. दहा रुपये जास्त गेले तरी चालतील.

खर्च फार सांगितला तर आधी आपला माल दोन भागांत मोजावा. चित्रपटांची गाणी पुन्हा मिळतील. गावच्या कव्वालाची मैफल, वडिलांच्या आवाजातील नात, ग्राहकाने आणून दिलेली कॅसेट परत मिळणार नाही. पैसे दुसऱ्या भागासाठी द्यावेत. आणि डिस्कच्या मागे लागण्याआधी घर धुंडाळावे : जुने मोबाइल, गाडीतला पेन ड्राइव्ह, २००५च्या सुमाराच्या एमपीथ्री सीडी, ग्राहकांना दिलेल्या प्रती. १९९८ साली अमेरिकेच्या पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चुकून पुसले गेले, आणि राखीव नक्कल चालत नसल्याचे तेव्हा कळले. बाळंतपणामुळे घरून काम करणाऱ्या एका अधिकारी बाईंच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत होती, तिच्यामुळे चित्रपट वाचला.

तीन प्रती

यापुढे काय? छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला हिशेब सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. दुकानातला कॉम्प्युटर, कपाटातली एक डिस्क आणि भावाच्या घरी दुसरी. दुकानाला आग लागली, पाणी शिरले तर कपाटातली डिस्कही जाते, म्हणून तिसरी हवीच. प्रत काढून झाली की डिस्कची केबल काढून ठेवावी. २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ व्हायरसने जगभर फाइलींना कुलूप लावून खंडणी मागितली. असा व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी व्यवस्था किंवा आपोआप सारखे ठेवणारा कार्यक्रम म्हणजे प्रत नव्हे. एकीकडे पुसले की दुसरीकडेही पुसले जाते.

आकाराची चिंता नको. चांगल्या दर्जाचे, ३२० किलोबिटचे पाच मिनिटांचे एमपीथ्री गाणे १२ एमबीचे. एका टीबीत अशी ८० हजारांवर गाणी बसतात. स्वतःचे मूळ रेकॉर्डिंग मात्र एमपीथ्रीत दाबून ठेवू नये. ते ‘फ्लॅक’मध्ये ठेवावे. हा प्रकार जागा बरीच वाचवतो, आवाजातले काही गाळत नाही, आणि फाइल बिघडली आहे की नाही हे तपासण्याची खूण तिच्यातच असते. पदपथावर स्वस्तात मिळणाऱ्या ‘दोन टीबी’च्या पेन ड्राइव्हवर भरवसा ठेवू नये. त्यांतले कित्येक खोटा आकडा दाखवतात आणि खरी जागा भरली की पुढचा माल हरवतो. ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ या फुकट कार्यक्रमाने खरी जागा कळते.

इंटरनेटवरची प्रत चौथी म्हणून चालेल. ‘मायस्पेस’वर २०१५ पर्यंत चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना गेली, हे २०१९ मध्ये उघड झाले. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झाले आणि तेथे चढवलेली गाणी २०२१ मध्ये पुसली गेली.

कपाटातली डिस्कही वर्षानुवर्षे तशीच ठेवून चालत नाही. जगातील मोठ्या संगीत कंपन्यांचा साठा सांभाळणाऱ्या आयर्न माउंटन या कंपनीच्या मंडळींनी २०२४ मध्ये सांगितले की, त्यांच्याकडे आलेल्या १९९०च्या दशकातील हार्ड डिस्कपैकी सुमारे एकपंचमांश वाचताच आल्या नाहीत. त्या नीट ठेवलेल्याच होत्या. म्हणून सहा महिन्यांतून एकदा, लग्नसराई संपली की, प्रत्येक डिस्क लावून पाच-दहा फाइली वाजवून पाहाव्यात, आणि चार-पाच वर्षांनी माल नव्या डिस्कवर हलवावा. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा कार्यक्रम डिस्कची प्रकृती सांगतो. त्यात बदललेल्या किंवा अडलेल्या सेक्टरांचा आकडा वाढताना दिसला तर त्याच दिवशी नवी डिस्क आणावी.

कॅसेटी उतरवून झाल्या म्हणून भंगारवाल्याला देऊ नयेत. कोरड्या जागी, स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवाव्यात, आणि कॅसेटवर जो क्रमांक लिहिला तोच फाइलीच्या नावात द्यावा.