वियोग, व्याधी आणि विद्या

आजारपण, आप्तांचा वियोग आणि हाती घेतलेल्या कार्यातील अपयश यांतून कोणाचीही सुटका नाही. अशा वेळी मन प्रसन्न ठेवावे, आयुष्याने जे दिले त्याबद्दल कृतज्ञ असावे, असा उपदेश सर्वजण करतात. तो खोटा नाही. पण दुःखाने पोळलेल्या माणसाने तो आचरावा कसा, हा प्रश्न उरतोच. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या चरित्रात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते, आणि त्याची साक्ष महाराष्ट्रापासून दूर, लखनौच्या कैसरबागेत आजही पाहावयास मिळते.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. १८८५ साली ते बी. ए. झाले, १८८७ साली एलएल. बी. झाले आणि वकिली करू लागले. गाण्याची ओढ लहानपणापासूनचीच होती. सतार ते शिकलेच होते. पुढे मुंबईतील पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांनी अनेक धृपदे आणि ख्याल आत्मसात केले. पोटापुरता व्यवसाय आणि फावल्या वेळी संगीत, असे सुखवस्तू आयुष्य त्यांच्या वाट्याला येईल असे कोणासही वाटले असते.

परंतु १९०० साली पत्नीचे निधन झाले आणि १९०३ साली कन्याही गेली. वयाची चाळिशी नुकतीच उलटलेली, आणि घर रिकामे झालेले. अशा स्थितीत कित्येक माणसे विरक्त होतात, कित्येक कडवट होतात. भातखंडे १९०४ साली दक्षिणेच्या प्रवासास निघाले. एट्टयपुरम् येथे त्यांनी सुब्बराम दीक्षितर यांची भेट घेतली आणि व्यंकटमखीच्या ग्रंथातील बहात्तर मेळांची रचना समजून घेतली. त्यानंतर कलकत्ता, अलाहाबाद, काशी, लखनौ अशी भ्रमंती झाली. ठिकठिकाणची हस्तलिखिते पाहावी, गायकवादकांना प्रश्न विचारावे आणि आलेला अनुभव रोजनिशीत टिपून ठेवावा, हा त्यांचा क्रम झाला. हळूहळू वकिली सुटली आणि संगीत हाच संसार झाला.

या प्रवासांत त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट मोठी चिंताजनक होती. हिंदुस्थानी संगीताचे भांडार बहुतांशी गायकांच्या कंठात साठविलेले होते. गुरूने शिष्याला दिले तेवढेच टिकावयाचे. शिष्य न लाभता गुरू गेला की त्याच्या बंदिशीही त्याच्याबरोबर जावयाच्या. म्हणून भातखंडे यांनी मिळतील तेथून बंदिशी मिळविल्या आणि त्या स्वरलिपीत बांधल्या. ही लिपी अगदी साधी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू आणि तार स्वरावर बिंदू. एवढ्या खुणा ओळखता येऊ लागल्या म्हणजे विद्यार्थ्याला बंदिशीचा आराखडा कागदावरून कळतो. गुरूची जागा कागद घेऊ शकत नाही, पण गुरूने दिलेले विसरू देत नाही.

कृतज्ञतेचा खरा अर्थ येथे स्पष्ट होतो. आभाराचे शब्द बोलून ऋण फिटत नाही. जे आपल्याला मिळाले ते पुढच्याच्या हाती सुखरूप पोहोचविले म्हणजे ते काही अंशी फिटते. आपल्या काही ग्रंथांवर भातखंडे यांनी स्वतःचे नाव न घालता ‘चतुर पंडित’, ‘विष्णु शर्मा’ अशी टोपणनावे घातली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

अपयशही त्यांना चुकले नाही. १९१६ साली सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पाठोपाठ १९१८ साली दिल्लीस आणि १९१९ साली काशीस परिषदा झाल्या. साऱ्या देशासाठी एक राष्ट्रीय संगीत अकादमी दिल्लीत व्हावी, ही आकांक्षा या परिषदांतून पुढे आली. पण ती सिद्धीस गेली नाही. मोठी योजना मोडली म्हणून त्यांनी लहान कार्य मात्र टाकले नाही. १९१८ साली ग्वाल्हेरीत माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने संगीत विद्यालय उभे राहिले. लखनौस १९२४ व १९२५ साली परिषदा भरल्या आणि राय उमानाथ बली व राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने १९२६ साली तेथे संगीत महाविद्यालय निघाले. त्या वेळच्या गव्हर्नरांच्या नावावरून त्याला मॅरिस कॉलेज म्हणत. वाजिद अली शाहच्या ठुमरीची आणि कथकाची ही नगरी. तेथे मुंबईच्या एका वकिलाने शिक्षणक्रम घालून द्यावा आणि नगरीने तो स्वीकारावा, ही दोन्ही बाजूंना भूषणावह गोष्ट होय. १९२८ साली त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तेथे प्राचार्य झाले.

‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या मराठी ग्रंथाचा चौथा भाग १९३२ साली निघाला आणि १९३३ साली भातखंडे यांना पक्षाघात झाला. गावोगाव हिंडलेल्या माणसाला पुढची तीन वर्षे अंथरुणास खिळून काढावी लागली. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीस, त्यांनी देह ठेवला. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे अखेरचे भाग त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली प्रसिद्ध झाले. शरीर थकले त्या वेळी कार्य वाहून नेणारे हात तयार होते, कारण ते तयार करण्यातच त्यांनी पूर्वीची वर्षे वेचली होती.

भातखंडे यांना सदा हसतमुख साधुपुरुष ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांची लेखणी तिखट होती. उस्तादांवर त्यांनी कठोर टीका केली. त्यांच्या दहा थाटांच्या पद्धतीवरही विद्वानांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत. तक्रार आणि कृतज्ञता एकाच मनात नांदू शकतात, हे मान्य केले म्हणजे त्यांचे उदाहरण सामान्य माणसाच्या आवाक्यात येते. आजारी माणसाने मुळीच कुरकुर करू नये, अशी अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही. आपल्याजवळ असलेले काहीतरी दुसऱ्याला देता येईल का, एवढा विचार त्याने जागा ठेवला तरी पुष्कळ झाले. एखादी पाककृती, एखादे गाणे, हातातले एखादे कसब शेजारच्या मुलाला शिकविण्यास निरोगी शरीर लागतेच असे नाही.

लखनौची ती संस्था १९६६ साली राज्य सरकारने आपल्याकडे घेतली, २००० साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि आता ती भातखंडे यांच्या नावाचे राज्य विद्यापीठ आहे. नवाबी काळातील परीखान्याच्या वास्तूत तिचे वर्ग भरतात. ज्यांनी भातखंडे यांना कधी पाहिले नाही, अशी मुले तेथे स्वराखालची रेघ पाहून गंधार कोमल लावतात.